किशोरवयीन मुलांना राग हाताळायला कसे शिकवावे : नव्या मार्गदर्शकांसाठी

बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींच्या गटाला राग हाताळायला शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यांत शिक्षक असतील, वसतिगृहाचे अधीक्षक असतील, खेळाचे प्रशिक्षक किंवा स्वयंसेवक असतील. बहुतेकांची सुरुवात एकाच प्रश्नाने होते : ‘मुलांनी रागावू नये म्हणून काय करावे?’ माझे पहिले सांगणे असे, की हा प्रश्नच बाजूला ठेवावा. राग येणे थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. आपला अपमान झाला, आपल्या वाट्याचे काही हिरावले गेले, हे माणसाला पुष्कळदा रागामुळेच कळते. आपल्याला शिकवायचे आहे ते राग आल्यानंतर आणि हात उठण्यापूर्वी मध्ये जे काही क्षण असतात त्यांच्याविषयी. ते क्षण मुलाला ओळखू येऊ लागले, थोडे लांबवता आले आणि तेवढ्या वेळात करण्यासारखे दुसरे काही त्याच्या हाताशी असले, तर बऱ्याच मारामाऱ्या सुरूच होत नाहीत. पुढची प्रत्येक पायरी त्या मधल्या जागेसाठी आहे.

आधी आपली तयारी

राग ही भावना आहे आणि आक्रमकता ही कृती आहे, हा भेद आपल्या बोलण्यात पहिल्या दिवसापासून स्पष्ट असला पाहिजे. ‘तुला राग आला हे चुकले’ असे म्हटले की मूल ऐकणे बंद करते, कारण राग आणणे किंवा न आणणे त्याच्या हातात नव्हते. ‘तुला राग आला हे समजते, तू त्याला ढकललेस ते मान्य नाही’ असे म्हटले की त्याच्या हातात काय होते, हे त्याला दिसू लागते.

रागाच्या वेळी शरीरात काय घडते, हेही मार्गदर्शकाला सोप्या शब्दांत सांगता आले पाहिजे. धोका जाणवला की मेंदूतील अमिग्डाला हा लहानसा भाग क्षणार्धात इशारा देतो, मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींमधून ॲड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले आणि पुढे तिला ‘लढा किंवा पळा’ असे नाव रूढ झाले. या तयारीला आवर घालणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. हे मुलांना सांगताना एक सावधगिरी बाळगावी. ‘माझा मेंदूच अजून तयार नाही’ ही पळवाट होऊ नये. ज्या गोष्टीची तयारी अपुरी असते तिचा सराव अधिक करावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ आहे आणि तो मुलांना पटतो.

या वयात आणखी एक गोष्ट निर्णायक असते, ती म्हणजे बघणाऱ्यांची उपस्थिती. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागी व्यक्तींपैकी काहींना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ एकट्याने, तर काहींना सोबत्यांसमोर खेळायला दिला होता. सोबती जवळ असताना किशोरवयीनांनी बरेच अधिक धोके पत्करले. प्रौढांमध्ये तसा फरक जवळपास दिसला नाही. म्हणून कार्यालयात एकटे बसवून शांतपणे समजावलेला मुलगा ‘हो’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्याच मुलाला चार मित्रांच्या घोळक्यात कोणी डिवचले, तर परिस्थिती पूर्णपणे वेगळी असते आणि आपले शिकवणे त्या परिस्थितीत टिकले पाहिजे.

तयारीचा शेवटचा भाग स्वतःकडे पाहण्याचा आहे. प्रौढाला बाहुलीवर प्रहार करताना पाहिलेली लहान मुले तसेच प्रहार करतात, हे अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ च्या प्रयोगांतून दाखवले होते, आणि किशोरवयीन मुले तर मोठ्यांच्या वागण्यातील विसंगती फार लवकर टिपतात. सत्र चालू असताना एखादा मुलगा मुद्दाम खोडी काढणारच आहे. त्या वेळी आपला आवाज चढला, तर पुढच्या दहा सत्रांत आपण जे सांगणार आहोत ते त्या एका क्षणात पुसले जाते. म्हणून आपल्याला नेमके काय खुपते, हे आधी कागदावर लिहावे, आणि आवाज चढलाच तर सर्वांसमोर ‘माझा आवाज वाढला, मी अर्धा मिनिट थांबतो’ असे म्हणून खरोखर थांबावे. मुले हा अर्धा मिनिट विसरत नाहीत.

काय करू नये

रागाची वाफ बाहेर पडू द्यावी, उशीवर किंवा पोत्यावर ठोसे मारू द्यावेत, म्हणजे मन मोकळे होते, हा समज फार पसरलेला आहे. मीही सुरुवातीला एका मुलाला असेच उशीवर मारायला सांगितले होते. पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, ‘मारताना त्याचाच चेहरा दिसत होता, जास्तच डोकं फिरलं.’ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात नेमके हेच आढळले होते : ज्याने अपमान केला त्याचा विचार करत पोत्यावर ठोसे मारणारे सर्वांत अधिक संतप्त राहिले, आणि दोन मिनिटे नुसते शांत बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. २०२४ मध्ये सोफी क्येरविक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही शरीराची उत्तेजना कमी करणारे उपाय रागावर उपयोगी पडतात आणि उत्तेजना वाढवणारे उपाय पडत नाहीत, असाच निष्कर्ष निघाला. व्यायाम आरोग्यासाठी उत्तमच आहे. पेटलेला राग विझवण्याचे साधन म्हणून मात्र त्यावर विसंबू नये.

दुसरी चूक म्हणजे घाबरवणे. गुन्ह्याकडे झुकलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दरडावण्याचे कार्यक्रम काही देशांत अनेक वर्षे चालले. अँथनी पेट्रोसिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांवरील प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा काहीच न करण्यापेक्षाही त्यांचा परिणाम वाईट असल्याचे, म्हणजे पुढील गुन्हे वाढल्याचे दिसले. तिसरी चूक सोयीतून होते : शाळेतील सगळी ‘भांडखोर’ मुले निवडून त्यांचाच गट करणे. अशा गटात मुले एकमेकांच्या उद्धटपणाला हसून दाद देतात आणि तो वाढवतात. टॉमस डिशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या धोक्याकडे लक्ष वेधले होते. गटात निम्म्याहून अधिक मुले अशी असावीत, ज्यांना राग येतो पण जी सहसा हात उगारत नाहीत.

गट आणि नियम

आठ ते दहा मुले, आठवड्यातून एक किंवा दोन वेळा पाऊण तास, आणि एकूण दहा ते बारा सत्रे, एवढा विस्तार नव्या मार्गदर्शकाला पेलतो. एका भाषणात किंवा एका दिवसाच्या शिबिरात हे काम होत नाही, कारण येथे माहिती द्यायची नसून सवय लावायची आहे. शक्य असेल तर दोन मोठ्यांनी मिळून गट चालवावा, म्हणजे एखादे मूल उठून बाहेर गेले तर एकाला त्याच्यामागे जाता येते.

नियम थोडे असावेत आणि मुलांनीच ठरवावेत. एक गोष्ट मात्र आपण स्वतः, पहिल्याच दिवशी सांगायची आहे : येथे बोललेले येथेच राहील, परंतु कोणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात आहे किंवा कोणा मुलावर अत्याचार होत आहे असे कळले, तर मी गप्प राहणार नाही, संबंधित जबाबदार व्यक्तीला कळवीन, आणि ते तुम्हाला सांगून करीन. गुप्ततेची ही मर्यादा नंतर सांगितली तर मुलाला तो विश्वासघात वाटतो.

पहिले सत्र : मूठ आणि चेंडू

अमेरिकेतील शिकागो शहरात किशोरवयीन मुलांसाठी चाललेल्या एका कार्यक्रमात वापरलेली ही कृती मला सुरुवातीसाठी सर्वांत चांगली वाटते. मुलांच्या जोड्या कराव्यात, प्रत्येक जोडीतील एकाला छोटा चेंडू द्यावा आणि दुसऱ्याला सांगावे, ‘तीस सेकंदांत त्याच्या मुठीतून हा चेंडू मिळव.’ बहुतेक जोड्यांत ओढाताण सुरू होते. वेळ संपल्यावर अदलाबदल करून पुन्हा तेच करावे. मग विचारावे, ‘चेंडू नुसता मागून कोणी पाहिला?’ क्षणभर शांतता पसरते. कोणी म्हणते, ‘मागितला असता तर दिला नसता,’ कोणी म्हणते, ‘घाबरलो असं वाटलं असतं.’ आता चेंडू धरणाऱ्याला विचारावे, की त्याने मागितला असता तर? पुष्कळदा उत्तर येते, ‘दिला असता, चेंडूच तर होता.’ येथे आपण काहीही शिकवू नये. आपण विचार न करता बळाचा मार्ग धरला, हे मुलांनी स्वतः पाहिले आहे आणि पहिल्या दिवसासाठी ते पुरेसे आहे. ज्या मुलाला अंगाला हात लावलेला नको असेल, त्याला निरीक्षकाचे काम द्यावे. अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी ही मोकळीक आवश्यक असते. या कार्यक्रमाच्या तपासणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रम चालू असताना सहभागी मुलांच्या हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटकांत ४५ ते ५० टक्के घट झाल्याचे त्यांत नोंदवले आहे.

शरीराच्या खुणा आणि नोंदवही

दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रात प्रत्येकाने आपल्या रागाच्या पहिल्या खुणा शोधायच्या आहेत. कोणाचे कान गरम होतात, कोणाचा जबडा आवळतो, कोणाचे पोट ढवळते, कोणी एकदम हसू लागतो. या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात आणि त्या मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितल्या पाहिजेत. यासोबत एक ते दहा अशी रागाची पट्टी वापरावी, कारण अनेक मुलांच्या शब्दसंग्रहात ‘ठीक’ आणि ‘डोकं फिरलं’ यांच्या मध्ये काहीच नसते. तीनवर असताना काय वाटते, पाचवर काय, सातवर काय, हे त्यांना बोलू द्यावे आणि चिडणे, वैतागणे, हिरमुसणे, अपमान वाटणे, मत्सर वाटणे, दुखावणे, संतापणे असे शब्द फळ्यावर वाढवत न्यावे. भावनेला नेमके नाव दिले की तिची धार थोडी कमी होते. शिवाय ‘राग’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीखाली लाज किंवा भीती होती, असे मुलांना पुष्कळदा येथेच पहिल्यांदा दिसते.

आपले उपाय पट्टीवर पाच-सहापर्यंत असतानाच चालतात. नऊवर पोहोचलेल्या मुलाला श्वास मोजायला सांगणे व्यर्थ आहे. म्हणून खुणा लवकर ओळखण्यावर एवढा भर.

याच वेळी नोंदवही सुरू करावी. राग आला की, शक्यतो त्याच दिवशी, चार ओळी लिहायच्या : कुठे आणि कोणासोबत होतो, काय घडले, पट्टीवर आकडा कितीपर्यंत गेला, मी काय केले. दोन आठवड्यांनी ती वही वाचली की आकृतिबंध दिसू लागतात. एखाद्याचे बहुतेक प्रसंग रात्री उशिरापर्यंत जागलेल्या दिवसानंतरचे असतात. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते आणि ती कमी पडली की चिडचिड वाढते, हे तेव्हा सांगितले तर ते उपदेश वाटत नाही. एखादीचे सगळे प्रसंग एकाच व्यक्तीभोवती फिरतात आणि तेथे आपल्याला थांबून, तिच्याशी एकटीशी बोलावे लागते. लिहायला कंटाळणाऱ्या मुलाने फोनवर बोलून नोंद ठेवली तरी चालेल. वही तपासून गुण मात्र कधीही देऊ नयेत.

शरीर शांत करण्याचा सराव

येथे तंत्रे फार नसावीत. दोन पुरेशी आहेत. पहिले, श्वास : चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, असे एका मिनिटात सहा वेळा. बाहेर सोडलेला श्वास आत घेतलेल्यापेक्षा लांब असला की हृदयाची गती मंदावायला मदत होते. हा सराव उभ्याने, डोळे उघडे ठेवून करून घ्यावा, कारण भांडणाच्या जागी कोणीही डोळे मिटून बसत नाही. दुसरे, जागा सोडणे. हे सोपे वाटते, पण किशोरवयीनांसाठी तेच सर्वांत कठीण आहे आणि त्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे. प्रत्येक सत्राची सुरुवात दोन मिनिटांच्या श्वासाने केली, तर बारा आठवड्यांत ती सवयीची होते.

शरीरातील उत्तेजना लगेच ओसरत नाही, हेही सांगावे. एका प्रसंगाची धग शिल्लक असताना दुसरा क्षुल्लक प्रसंग घडला, तरी राग मोठा उसळतो. सकाळी घरी झालेल्या वादाचा भडका दुपारी मैदानावर उडतो तो यामुळे. म्हणून मोठ्या वादानंतर निदान वीस-तीस मिनिटे कोणताही निर्णय घेऊ नये, कोणताही संदेश पाठवू नये, असा साधा नियम मुलांना घालून द्यावा.

मनातला अर्थ : ‘मुद्दाम केलं’

या पायरीला मी तीन सत्रे देते आणि नव्या मार्गदर्शकांनीही ती घाईने उरकू नये. वऱ्हांड्यातून जाताना कोणाचा तरी खांदा लागतो. एक मुलगा ‘गर्दी आहे’ असे समजून पुढे जातो. दुसरा ‘मुद्दाम धक्का दिला’ असे समजून वळतो. घटना एकच असली तरी दोघांच्या मनातला अर्थ निराळा आहे आणि राग त्या अर्थातून येतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० पासून केलेल्या अभ्यासांत दिसले, की हेतू संदिग्ध असतो तेव्हा आक्रमक मुले समोरच्याचा हेतू वाईटच असल्याचे गृहीत धरण्याकडे अधिक झुकतात. ज्यांनी लहानपणी मार खाल्ला आहे, त्यांच्यात ही सवय अधिक आढळते. ती त्यांच्यासाठी कधीतरी संरक्षण होती, हे आपण समजून घेतले पाहिजे, म्हणजे आपल्या स्वरात दोषारोप येत नाही.

सराव असा करावा. एक प्रसंग सांगावा : मित्राने संदेश वाचला, पण उत्तर दिले नाही. मग गटाने त्याची निदान पाच निरनिराळी कारणे सुचवायची. पहिली दोन कारणे बहुधा ‘भाव खातोय’ याच जातीची असतात. तिसऱ्यापासून मुले विचार करू लागतात. पाचही फळ्यावर आली की विचारावे, ‘यांतले कोणते खरे आहे हे कसे कळेल?’ विचारून पाहणे, वाट पाहणे, तिसऱ्याला विचारणे असे मार्ग मुलेच सांगतात. मग नोंदवहीतले खरे प्रसंग घ्यावेत, मात्र ज्याचा प्रसंग आहे त्याची परवानगी घेऊनच. येथे एक फसगत टाळावी : प्रत्येक वेळी समोरच्याचा हेतू निर्मळच असतो, असे आपण शिकवू नये. कधी कधी खरोखर मुद्दाम धक्का दिलेला असतो. तेव्हा पुढचा प्रश्न असा, की मला यातून काय हवे आहे, आणि हात उचलल्याने ते मिळेल का?

रेमंड नोव्हाको यांनी १९७५ मध्ये राग-नियंत्रणाची जी पद्धत मांडली, तिच्यात स्वतःशी बोलायची वाक्ये चार वेळांसाठी तयार करतात : प्रसंगाला सामोरे जाण्यापूर्वी, प्रसंग चालू असताना, राग चढू लागल्यावर आणि प्रसंग संपल्यावर. मुलांनी ही वाक्ये आपल्या रोजच्या बोलीत लिहावीत. ‘हा मला चिडवायला बघतोय, मी चिडलो तर तो जिंकला’ असे स्वतःचे वाक्य, आपण दिलेल्या कोणत्याही शुद्ध वाक्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. चौथी वेळ बहुतेकजण विसरतात. प्रसंग टळल्यानंतर ‘जमलं मला’ असे स्वतःला सांगणे आणि न जमल्यास ‘कुठे घसरलो’ हे पाहणे यांतूनच पुढच्या वेळची तयारी होते.

मान राखून मागे येणे

‘भांडण सोडून निघून जा’ असा सल्ला मोठी माणसे सहज देतात. चौदा वर्षांच्या मुलासाठी, सगळ्यांसमोर, त्याचा अर्थ ‘पळपुटा’ असा होतो आणि ती किंमत तो मोजायला तयार नसतो. हे मान्य न करता शिकवलेले सगळे वाया जाते. म्हणून मान राखून बाहेर पडण्याची वाक्ये गटाने स्वतः शोधायची आहेत. ‘चल, मला उशीर होतोय’, ‘तुला वाटतंय तसं समज’, ‘याच्यात मला पडायचं नाही’ अशी वाक्ये मुले सुचवतात. प्रत्येकाने आपल्या तोंडी बसणारी दोन निवडावीत.

मग ती भूमिका घेऊन करून पाहायची. पहिल्या फेरीत दोघेच बोलतात. दुसऱ्या फेरीत बाकीचा गट भोवती उभा राहून बघतो. तिसऱ्या फेरीत बघणारे ‘अरे, ऐकून घेतोस?’ असे चेतवतात. ही तिसरी फेरी टाळू नये, कारण प्रत्यक्षात तेच घडते. मात्र खऱ्या शिव्या, खरे घरगुती संदर्भ आणि शरीराला स्पर्श वर्ज्य असावेत आणि ‘थांबा’ म्हणताच सर्वांनी थांबावे. शब्दांइतकेच उभे राहण्याकडे लक्ष द्यावे : दोन पावलांचे अंतर, थोडे तिरके उभे राहणे, हात खुले, आवाज खाली. चुकीचे वागणे अभिनयाने रंगवून दाखवण्यात मुलांना फार गोडी वाटते, म्हणून प्रत्येक फेरीचा शेवट योग्य रीतीने करून दाखवण्यात झाला पाहिजे.

मागे येणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. शांत झाल्यावर आपले म्हणणे मांडता आले पाहिजे : काय घडले, माझ्यावर त्याचा काय परिणाम झाला, मला पुढे काय हवे आहे. ‘तू माझी वही न विचारता नेलीस, मला अभ्यास करता आला नाही, पुढच्या वेळी विचार’ एवढे सरळ बोलणे पुरे. ‘तू नेहमीच’, ‘तुला कधीच’ हे शब्द आले की वाद घटनेवरून माणसावर सरकतो, हे मुलांना उदाहरणाने लगेच समजते.

बघणारे

भांडणाच्या भोवती उभी असलेली मुले हा प्रतिबंधाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शाळेच्या मैदानावरील चित्रीकरणावर आधारित कॅनडातील अभ्यासात दांडगाईच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती आणि एखाद्या मुलाने मध्ये पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के प्रसंगांत, दांडगाई दहा सेकंदांच्या आत थांबली. मध्ये पडणे म्हणजे धक्काबुक्कीत उतरणे असे समजू नये. मित्राचे नाव घेऊन त्याला बाजूला बोलावणे, विषय बदलणे, मोठ्यांना आणायला जाणे, चित्रीकरण न करणे आणि आलेली चित्रफीत पुढे न पाठवणे, तसेच नंतर ज्याला त्रास झाला त्याच्याजवळ जाऊन बसणे, यांतले प्रत्येकाला आपल्या स्वभावाप्रमाणे एक तरी जमते. शस्त्र दिसले, तर मात्र एकच सूचना : दूर व्हा आणि मदत बोलवा.

मुलींच्या गटात हिंसा नसते, हा समज सोडावा. तेथे ती कधी हाताने, तर कधी वाळीत टाकून, अफवा पसरवून, खासगी छायाचित्रे दाखवून होते, आणि मुलगेही हे करतात.

प्रत्यक्ष भांडण समोर उभे राहिले तर

सत्रे चालू असतानाही भांडणे होणारच आहेत. दोघांच्या मध्ये शरीर घालू नये. मोठ्या पण स्थिर आवाजात दोघांची नावे घ्यावीत, छोटे आणि स्पष्ट सांगावे (‘थांब. इकडे ये.’), दुसऱ्या मोठ्या व्यक्तीला बोलवावे आणि बघणाऱ्यांना तेथून हलवावे. प्रेक्षक गेले की दोघांनाही मागे येणे सोपे होते. नंतर दोघांना एकमेकांना न दिसतील अशा ठिकाणी बसवावे, कोणाला लागले आहे का ते पाहावे, पाणी द्यावे आणि विचारपूस निदान अर्ध्या तासाने करावी.

विचारपूस करताना ‘का केलंस?’ असे विचारू नये. त्यावर फक्त समर्थन मिळते. काय झाले, त्या वेळी मनात काय होते, कोणाकोणाला सोसावे लागले, आणि आता ते भरून काढायला काय करता येईल, या क्रमाने विचारावे. जबरदस्तीने हस्तांदोलन करवून घेऊ नये. आणखी एक मुद्दा मी आवर्जून सांगते : दोन बरोबरीच्या मुलांतील भांडण आणि बलवान मुलाने दुर्बळाला वारंवार छळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात दोघांना समोरासमोर बसवून तोडगा काढता येतो. दुसऱ्यात तसे करणे पीडित मुलासाठी धोक्याचे असते. तेथे त्याचे संरक्षण प्रथम येते आणि छळणाऱ्याशी वेगळे बोलावे लागते.

आपल्या आवाक्याबाहेरचे

काही मुलांना गटापेक्षा अधिक मदत लागते. शस्त्र जवळ बाळगणे, विशिष्ट व्यक्तीचे नाव, ठिकाण किंवा वेळ घेऊन धमकी देणे, प्राण्यांना मुद्दाम इजा करणे, स्वतःला जखमा करणे, मरणाविषयी बोलणे, नशेत असताना हिंसक होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी संस्थेतील जबाबदार व्यक्तीला आणि समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला कळवावे. तातडीचा धोका असेल तर मुलाला एकटे सोडू नये. किशोरवयात नैराश्य पुष्कळदा उदासीऐवजी सततच्या चिडचिडीतून व्यक्त होते, म्हणून काही आठवडे टिकलेली चिडचिड, झोप आणि भूक यांत बदल आणि आवडीच्या गोष्टींतून मन उडणे हे एकत्र दिसल्यास तपासणी सुचवावी.

आणि काही मुलांचा राग पूर्णपणे रास्त असतो. ज्या मुलीला घरी मार बसतो, ज्या मुलाला रोज हिणवले जाते, त्यांना श्वास मोजायला शिकवून परत त्याच ठिकाणी पाठवणे हा अन्यायाला हातभार आहे. अशा वेळी त्यांचा राग बरोबर आहे, हे त्यांना मोठ्याने सांगावे आणि त्रास थांबवण्याची जबाबदारी मोठ्यांनी उचलावी. बालसंरक्षणाची जी यंत्रणा उपलब्ध असेल तिच्याशी संपर्क करणे हे तेव्हा आपले पहिले काम आहे.

सत्रे संपल्यावर

शेवटच्या सत्रात प्रत्येकाने आपली एक पानाची योजना लिहावी : माझ्या दोन खुणा, माझी दोन वाक्ये, मी जागा सोडून कुठे जाईन आणि कोणाला सांगेन. ज्या मोठ्या व्यक्तीचे नाव मुलाने लिहिले आहे, तिला त्याच्या संमतीने ते कळवावे. पालकांना बोलावले तर मुलांच्या तक्रारी सांगू नयेत. रागाची पट्टी आणि ‘जागा सोडणे’ यांविषयी सांगून एवढीच विनंती करावी, की मूल शांत व्हायला खोलीबाहेर गेले तर त्याच्यामागे जाऊन वाद पुढे रेटू नये.

साधारण तीन महिन्यांनी गट पुन्हा एकदा भेटावा. तोवर काही मुले घसरलेली असतात आणि त्यांना तसे मोकळेपणाने सांगता आले पाहिजे. परिणाम पाहण्यासाठी केवळ मारामारीच्या तक्रारी मोजल्या तर निम्मे काम दिसतच नाही. म्हणून मी नोंदवहीत पहिल्यापासून एक जास्तीचा रकाना आखायला सांगते : ‘राग आला, पण काही घडले नाही’. त्या भेटीत प्रथम तो रकाना वाचायचा, प्रत्येकाने आपला एक प्रसंग सांगायचा आणि त्या क्षणी नेमके काय केले, हे इतरांनी त्याला विचारायचे.